दोन कंपन्यांची सोयरीक

मांजर्लीतल्या विहाराचा नकाशा मी कॉम्प्युटरवर काढून देतो, हे वाक्य मी भर सभेत का बोललो, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. चांगुणाबाईंनी आपली दोन गुंठे जागा विहारासाठी दिली होती. समितीचे अध्यक्ष भीमराव रोकडे म्हणत होते की बाहेरचा कुणीतरी आर्किटेक्ट बघू. बावीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला घासलेला माणूस समोर सतरंजीवर बसलेला असताना लोक बाहेरचा माणूस शोधतात, हे मला सहन झालं नाही. मी उठलो आणि बोललो. सही ओळखीच्या एका इंजिनिअरची घ्यायची, नकाशा मात्र सुदाम भालेरावचा. टाळ्या पडल्या. टाळ्या ही फार वाईट गोष्ट आहे. त्या पडून गेल्यावर माणूस घरी जातो आणि काम तेवढं उरतं.

काम तसं लहानच होतं. खाली तीस बाय वीसचा हॉल, वर मुलांसाठी अभ्यासिका, एक जिना, मागे दोन न्हाणीघरं, आणि मांजर्लीत नदी कधीकधी न विचारता घरात येते म्हणून जोतं जरा उंच. कागदावर काढायचं तर चार दिवसांत झालं असतं. पण माझ्याकडे प्लॅनोक्राफ्ट होतं.

प्लॅनोक्राफ्ट म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. कात्रपच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला तेव्हा शेजारी हळदीकुंकवाला यावं तसे तो बघायला आले होते. सॉफ्टवेअरच्या सोबत एक कुलूप मिळायचं. काडेपेटीएवढा ठोकळा, तो कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसला तरच सॉफ्टवेअर चालू होई. आमच्या घराला साधी कडी होती, पण कॉम्प्युटरला परदेशी कुलूप होतं. सुनेत्रा, म्हणजे आमची मंडळी, हे वाक्य पाहुण्यांना आवर्जून सांगत असे आणि मला त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे नीटसं कळत नसे.

आता हिंदुरावांबद्दल सांगायला हवं. हिंदुराव शेलार ड्रॉइंग सेक्शनला माझ्या शेजारच्या टेबलावर. मी ज्या पेन्सिलीने रेघ मारली ती त्यांच्या मते जाड, आणि त्यांनी मारलेली माझ्या मते भित्री. दोघांनी एकाच वर्षी नोकरी सोडली, दोघांनी घरी कॉम्प्युटर घेतला. मी प्लॅनोक्राफ्ट घेतलंय हे कळताच त्यांनी ड्राफ्टोमॅन घेतलं, म्हणजे बाजारातली अगदी उलट बाजूची कंपनी. पुढची चार वर्षं आम्ही लग्नाकार्यात भेटलो की जेवणाआधी सॉफ्टवेअरवर बोलायचो आणि जेवण वेगवेगळ्या पंगतीत घ्यायचो. त्यांचं म्हणणं, प्लॅनोक्राफ्ट वर्षभरात बुडणार. माझं म्हणणं, ड्राफ्टोमॅन बुडायला आधी तरंगायला तरी हवं होतं.

आणि १९९७च्या फेब्रुवारीत ते पत्र आलं.

जाड कागद, वर सोनेरी अक्षरं, आत इंग्रजी. मी ते दोनदा वाचलं आणि सुनेत्राला मराठीत सांगितलं. प्लॅनोक्राफ्टच्या सन्माननीय ग्राहकास कळविण्यास आनंद होतो की आपली कंपनी आता आणखी मोठी झाली असून ड्राफ्टोमॅन ही कंपनी आपल्या कुटुंबात सामील झाली आहे.

मी खुर्चीत बसलो. धक्का आनंदाचा होता, पण धक्काच. चार वर्षांची लढाई संपली होती आणि आम्ही त्यांना विकत घेतलं होतं. ‘आम्ही’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा सुनेत्राने नुसतं वर पाहिलं. आमच्या वरच्या मजल्यावर शरदचंद्र ओक राहतात, बँकेत आहेत. ते पत्र वाचून म्हणाले की त्यांच्या बँकेने एकदा दुसरी बँक पोटात घेतली होती, तेव्हा गिऱ्हाइकांची पासबुकं तशीच चालली, फक्त पंखे बदलले. काळजी नको. मी काळजी करतच नव्हतो. मी कपडे करत होतो.

पाव किलो पेढे घेऊन मी अंबरनाथला निघालो. हिंदुरावांच्या दारात उभं राहायचं, पेढा पुढे करायचा आणि काही बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. न बोलण्याचा सराव मी वाटेत करत होतो. बसथांब्यावर पोचलो तर समोरच्या बसमधून हिंदुराव उतरले. इस्त्रीचा सदरा. हातात पेढ्यांचा पुडा.

आम्ही एकमेकांच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी त्यांनी खिशातून पत्र काढलं. मीही काढलं. दोन्ही पत्रं थांब्याच्या बाकावर शेजारी ठेवली. शब्द न् शब्द तोच. फक्त माझ्या पत्रात ड्राफ्टोमॅन आमच्या कुटुंबात आलं होतं आणि त्यांच्या पत्रात प्लॅनोक्राफ्ट त्यांच्या.

“म्हणजे कुणी कुणाला घेतलं?” मी विचारलं.

हिंदुरावांनी पत्राची मागची बाजू माझ्यापुढे धरली. मी मागची बाजू वाचलीच नव्हती. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत होतं की दोन्ही जुनी सॉफ्टवेअर एकतीस मार्चपासून बंद होत आहेत आणि त्यांच्या जागी प्लॅनोमॅन हे नवं येत आहे. जुनी कुलपं विक्रेत्याकडे जमा करावीत.

आम्ही बाकावर बसलो आणि पेढे खाल्ले. त्यांचे मी, माझे त्यांनी. कुणाचे जास्त गोड होते यावरही आमचं एकमत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला एकत्र जायचं ठरलं. एकत्र म्हणजे एका बसने. तिथे फर्निचर मार्केटच्या कोपऱ्यावर पोचल्यावर मी म्हणालो की माझा विक्रेता या गल्लीत आहे. ते म्हणाले, त्यांचा मागच्या गल्लीत. आम्ही नमस्कार करून वेगळे झालो. मी माझ्या दयालदासच्या दुकानात शिरलो. हा दयालदास गेली चार वर्षं मला सांगत होता की ड्राफ्टोमॅन घेणारा माणूस रडत परत येतो. काउंटरपाशी जाऊन मी माझं कुलूप ठेवलं, तर पलीकडच्या बाजूने आणखी एक हात आला आणि त्याने आणखी एक कुलूप शेजारी ठेवलं. हात ओळखीचा होता. सदरा कालचाच होता.

हिंदुरावांचं तोंड उघडंच होतं. दयालदास शांतपणे दोन्ही कुलपं उचलून खणात टाकत होता.

“साईं, दुकान तो एकच आहे ना,” तो म्हणाला. “इधरनं आला तो प्लॅनोक्राफ्ट, उधरनं आला तो ड्राफ्टोमॅन. गिऱ्हाईकाला भांडायला मजा यायला पायजे.”

त्याने चहा मागवला. आम्ही तो प्यालो, कारण नाही म्हणायला लागणारा ताठा दोघांपाशीही शिल्लक नव्हता. मग त्याने एक फॉर्म काढला. नवं कुलूप कंपनीकडून येणार, पण त्यासाठी जुन्याची मूळ पावती हवी, सॉफ्टवेअरचं मूळ खोकं हवं, आणि स्टँपपेपरवर एक प्रतिज्ञापत्र हवं की सदर ग्राहक प्रतिस्पर्धी कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत नाही.

पावती मिळाली. खोकं मिळालं, पण त्यात सुनेत्राने कुरडया भरून ठेवल्या होत्या. त्या परातीत काढल्या आणि खोकं पाठवलं. ते बारा दिवसांनी परत आलं, वर शेरा होता की खोक्याला वास येत आहे, खुलासा करावा. मी खुलासा केला. कुरडई म्हणजे काय हे इंग्रजीत लिहायला मला एक दुपार लागली. गव्हाच्या चिकापर्यंत आलो तेव्हा ओक वरून खाली आले आणि त्यांनी सल्ला दिला की सरळ ‘औषधी पदार्थ’ असं लिहा, परदेशी कंपन्या औषधांना घाबरतात. मी तसं लिहिलं. खोकं मंजूर झालं.

प्रतिज्ञापत्राला उल्हासनगरचाच एक नोटरी गाठला. त्याने मजकूर वाचला आणि विचारलं, प्रतिस्पर्धी कोण? मी म्हटलं, ड्राफ्टोमॅन. आणि हे लिहून कुणाला द्यायचंय? मी म्हटलं, प्लॅनोक्राफ्ट आणि ड्राफ्टोमॅन एक होऊन झालेल्या कंपनीला. नोटरीने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं की घरून कुणी बरोबर आलंय का.

इकडे मांजर्लीत मंडळी थांबून होती. बुद्धपौर्णिमेला पायाभरणी ठरली होती. त्याआधी परवानगी, परवानगीआधी नकाशा, आणि काढून झालेला नकाशा माझ्या फ्लॉपीत बंद. कुलपाशिवाय फ्लॉपी म्हणजे चिवडा खायची चौकोनी बशी. भीमराव दर रविवारी यायचे, ‘जय भीम’ करून बसायचे आणि नकाशाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. विटांचं ठरलं, बायका पायासाठी माती ओढायला सुट्टीच्या दिवशी येणार आहेत, एवढं सांगून चहा पिऊन जायचे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकदा जाताना फक्त म्हणाले की चांगुणाबाई आता नव्वदी गाठत आल्या, त्या रोज विचारतात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सुनेत्रा म्हणाली, कागदावर काढा. मी म्हणालो, भर सभेत कॉम्प्युटर म्हटलंय. ती म्हणाली, सभेनं विहार मागितलाय, कॉम्प्युटर नाही. हे वाक्य बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला.

एप्रिल उजाडला. आणि मग कळलं की नवं कुलूप हिंदुरावांना आलं. मला नाही, त्यांना. त्यांच्या खोक्यात कुरडया नव्हत्या. तीन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी फ्लॉपी खिशात घालून अंबरनाथला गेलो आणि ज्या दारात पेढा घेऊन गप्प उभं राहायचं होतं, त्या दारात नुसताच गप्प उभा राहिलो. हिंदुरावांनी दार उघडलं. टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली होती. ते म्हणाले, “या सुदामराव. मला एकट्याला ते चालू करायची भीती वाटते.”

माझ्या बावीस वर्षांच्या शत्रूने हे वाक्य उच्चारलं. मला धक्का बसला की डोळ्यांत पाणी आलं, नीट आठवत नाही.

प्लॅनोमॅन चालू झालं. फ्लॉपी आत गेली. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येऊ लागले. जुन्या पद्धतीची फाइल आहे, उघडावी का? हो. नव्या पद्धतीत बदलावी का? हो. ज्या वस्तूंची ओळख पटत नाही त्या वगळाव्यात का? हिंदुराव थांबले. मी म्हणालो, दाबा हो, किती विचारतंय, नवरीकडच्या माणसांसारखं. त्यांनी दाबलं.

नकाशा उघडला आणि आम्ही दोघेही खुर्चीत मागे सरकलो. प्लॅनोक्राफ्ट फुटांत मोजायचं आणि ड्राफ्टोमॅन मिलिमीटरमध्ये. सोयरिकीत हे कुणी बोलून घेतलं नव्हतं. तीस फुटांचा हॉल तीस मिलिमीटरचा झाला होता. सगळा विहार पोस्टाच्या तिकिटावर मावला असता. जिना मात्र कसा कोण जाणे मूळच्या मापाचा राहिला होता, त्यामुळे तिकिटातून बाहेर पडून तो थेट आभाळाकडे निघाला होता. मी मराठीत लिहिलेल्या ‘अभ्यासिका’ या शब्दाच्या जागी दोन टिंबं, एक बाण आणि डॉलरची खूण होती. न्हाणीघराचं दार व्यासपीठावर उघडत होतं.

पुढचे आठ दिवस मी सकाळी नऊला अंबरनाथला जायचो. हिंदुराव भिंती ओढायचे, मी आकडे सांगायचो. जिन्याला आभाळातून खाली उतरवायला दीड दिवस लागला. मराठी अक्षरं काही येईनात, म्हणून ती जागा मोकळी सोडून हाताने लिहायचं ठरलं. अक्षर माझं की त्यांचं यावर अर्धा दिवस गेला. हॉल त्यांचं अक्षर, अभ्यासिका माझं, न्हाणीघरावर दोघांनीही हक्क सोडला. आतून त्यांच्या पत्नी बायजाबाईंचं पिठलं-भाकरीचं ताट आमच्या टेबलावर यायचं आणि आम्ही एकाच पंगतीला बसायचो. चार वर्षांत पहिल्यांदाच.

नवव्या दिवशी नकाशाच्या चार मोठ्या प्रती निघाल्या. इतका देखणा कागद माझ्या हातून कधी निघाला नव्हता. रविवारी सकाळी दहाला मांजर्लीत त्या जागेवर ताडपत्री बांधून सभा भरली. सोमवारी नकाशा मंजुरीला द्यायचा, म्हणून आधी सगळ्यांनी बघावा. हिंदुरावही आले, मागे बसतो म्हणाले, भीमरावांनी त्यांना पुढे बसवलं.

नकाशा टेबलावर पसरला आणि मंडळी त्यावर वाकली. मग सल्ले सुरू झाले. एकाला पंखा मधोमध हवा होता, दुसऱ्याला दोन हवे होते. एकाने रंगाचा प्रश्न काढला आणि अर्धा तास पिवळ्याच्या छटांवर गेला. सही करणारे इंजिनिअर होते, त्यांनी जोत्याची उंची पाहून मान डोलावली. भीमरावांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून, आणि माझी पाठ थोपटली. पुन्हा टाळ्या पडल्या. मला वाटलं, झालं. संपलं. आपण जिंकलो.

मग चांगुणाबाई म्हणाल्या, मला बी दावा.

त्यांना वाचता येत नव्हतं. नजरही अधू झाली होती. सुनेत्राने त्यांना हाताला धरून टेबलापाशी आणलं, त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं आणि जाड रेघेवर ठेवलं. ही भिंत, आजी, तिने सांगितलं. बोट पुढे सरकू लागलं. समोरची भिंत झाली, कोपरा झाला, बाजूची झाली, मागची झाली, पुन्हा कोपरा, आणि बोट निघालं तिथेच परत आलं. त्यांनी सुनेत्राचा हात बाजूला केला आणि एकटीने पुन्हा एक फेरी मारली. अगदी सावकाश.

“सुदाम,” त्या म्हणाल्या, “आत शिरायचं कुठनं रं?”

मी हसून म्हणालो, “दारातून, आजी.”

“कुठंय?”

मी बोट दाखवायला वाकलो. आणि तसाच वाकलेला राहिलो.

दार नव्हतं. समोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध होती. न्हाणीघराला दार होतं, अभ्यासिकेला होतं, विहाराला नव्हतं. आतली दारं मी कंपनीने दिलेली वापरली होती, पण दर्शनी दार मी स्वतः बसून काढलं होतं, वर कमान, दोन झडपा, दोन आठवड्यांचं काम. त्याची प्लॅनोमॅनला ओळख पटली नव्हती. त्याने विचारलं होतं, वगळावं का, आणि मी हो म्हणालो होतो. मग भिंत आपली आपण सांधली गेली. आठ दिवस आम्ही दोघं त्या भिंतीसमोर बसलो होतो. चाळीस माणसांनी आत्ता ती डोळ्याखालून घातली होती.

हिंदुराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “बटण मी दाबलं.” मी म्हणालो, दाबायला मी सांगितलं. भांडण करायची ही आमची नवी तऱ्हा होती.

चांगुणाबाई रागावल्या नव्हत्या. त्या कागदाकडे तोंड करूनच बोलल्या. “माझी आय जलमभर लोकांच्या दाराभायेर उभी ऱ्हायली. कुनी आत ये म्हनलं न्हाई. पन दार तर व्हतं. हितं तुमी दारच ठिवलं न्हाई.”

कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते अर्ध्यावर थांबलं.

हिंदुरावांनी खिशातून पेन काढलं. बावीस वर्षं मी ज्या रेघेला भित्री म्हणत आलो ती मारायला ते वाकले आणि मग थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती रुंद? कमानीच्या दाराचं माप मला तोंडपाठ होतं, तीन फूट सहा इंच. ते सांगायच्या ऐवजी मी चांगुणाबाईंना विचारलं, आजी, दार केवढं करू?

त्यांनी दोन्ही हात पसरले. पुरते नाही पसरले गेले, खांदे आखडलेले होते. “येवडं,” त्या म्हणाल्या. “म्या आन् मला धरनारी, दोगी येकदम जाऊ असं.”

सुनेत्राने पदर कमरेला खोचला आणि भीमरावांच्या टेपने मापलं. चार फूट पाच इंच. चारही प्रतींवर हिंदुरावांनी भिंत खोडली, दार काढलं, प्रत्येक खाडाखोडीवर इंजिनिअरने सही केली. कमान राहून गेली. ती कुणी मागितलीही नाही. सोमवारी नगरपालिकेत कागद खिडकीवर घेणाऱ्याने एवढंच विचारलं की असलं माप कुठून आलं, पूर्ण आकडा का नाही. भीमराव म्हणाले, जागामालकाचं माप आहे.

पायाभरणी ठरल्या दिवशी झाली. माझं नवं कुलूप त्यानंतर महिन्याने आलं, ते मी खोक्यातच ठेवलं. सुतारापुढे चार फूट पाच इंचाची चौकट म्हटल्यावर त्याने मला वेड्यात काढलं. त्याला मी आणि हिंदुरावांनी आळीपाळीने समजावलं, आणि दोघांनी दोन वेगळी कारणं दिली.

पुढच्या वर्षी विहार उघडला त्या सकाळी चांगुणाबाई सुनेत्राचा हात धरून आल्या. दोघी एकदम, शेजारी शेजारी चालत उंबरा ओलांडून गेल्या, कुणाचाही खांदा चौकटीला लागला नाही. आत सगळ्यांत पुढे त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. त्यांनी ती पाहिली, पुढे जाऊन मूर्तीपुढे हात जोडले, परत फिरल्या आणि दाराच्या मधोमध उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, हितं वारं चांगलं लागतं.

भीमराव त्यांना आत बसा म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत. त्या दिवशी आलेला प्रत्येक माणूस, पाहुणे, इंजिनिअर, हिंदुराव, मी, चपला काढून, अंग चोरून, त्यांच्या बाजूने आत गेला.